अर्जावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं चालवून घेऊ नका

नाकावाटे द्यायच्या लसींच्या संशोधनाला निधी देणाऱ्या आणि त्यांच्या मानवी चाचण्यांना परवानगी देणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी प्रयोगशाळेत काम करते. माझं काम सांगायला सोपं आणि ऐकायला जरा किळसवाणं आहे. लोकांच्या नाकातला द्रव गोळा करायचा आणि त्यात अँटिबॉडी किती आहेत ते मोजायचं. शोषक कागदासारखी एक अरुंद पट्टी असते. ती नाकपुडीत आत सरकवायची, नाकपुडी बाहेरून बोटाने हलकेच दाबून धरायची आणि मिनिटभर थांबायचं. डोळ्यांत पाणी येतं. काहींना त्या मिनिटात तीन-तीन शिंका येतात आणि पट्टी थेट माझ्या हातमोज्यावर. मग नवी पट्टी, पुन्हा पहिल्यापासून. पट्टी ओली झाली की वजन करायचं, बफरमध्ये भिजवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. शेवटी हाताला लागतात ते जेमतेम काही थेंब, आणि अख्ख्या चाचणीचा निकाल त्या थेंबांवर उभा असतो.

अलीकडे माझ्या टेबलावर येणाऱ्या आराखड्यांत एक ओळ वरचेवर दिसते: लसीसोबत प्रोबायोटिक (म्हणजे शरीराला फायद्याचे मानले जाणारे जिवंत जीवाणू) देऊन प्रतिसाद वाढवणे. कल्पना मला मनापासून आवडते. या पत्रात मी तक्रार करणार आहे ती कल्पनेची नाही, ती ज्या ढिसाळपणे मांडली जाते त्याची. परवा एका आराखड्यात जीवाणूच्या नावाच्या जागी फक्त ‘प्रोबायोटिक मिश्रण’ एवढंच होतं. लसीच्या रकान्यात विषाणूचा उपप्रकार, मात्रा, बॅच, साठवणुकीचं तापमान असं सगळं काटेकोर, आणि ज्याच्या जोरावर ती लस चालणार त्या जीवाणूबद्दल दोन शब्द! असा अर्ज तुमच्याकडे आला तर तो न वाचता परत पाठवावा, असं माझं म्हणणं आहे. का, ते नीट सांगते.

सुरुवात नाकापासून. दंडात टोचलेली लस रक्तात आयजीजी जातीच्या अँटिबॉडी भरपूर तयार करते. त्या फुप्फुसांच्या खोलवरच्या भागापर्यंत झिरपतात, म्हणून माणूस गंभीर आजारी पडण्यापासून वाचतो. पण श्वासाबरोबर येणारा विषाणू आधी उतरतो तो नाकात, आणि तिथे पहारा असतो आयजीए या दुसऱ्या जातीच्या अँटिबॉडीचा. हा आयजीए मुख्यतः रक्तातून येत नाही. नाकाच्या अस्तराखाली बसलेल्या पेशी तो तिथल्या तिथे बनवतात, दोन-दोन रेणूंची जोडी बांधली जाते आणि अस्तराच्या पेशींमधून ती आरपार बाहेर सोडली जाते. एवढी व्यवस्था हलवायची तर विषाणूची ओळख त्याच भागाला व्हावी लागते. कोविडच्या लसींनी अगणित जीव वाचवले आणि तरीही लस घेतलेल्यांना संसर्ग होतच राहिला, त्यामागे विषाणूच्या बदलत्या रूपांबरोबर हेही एक मोठं कारण होतं.

मग नाकातच लस द्यावी, की झालं. पण घोडं पेंड खातं ते इथेच. नाक ही स्वतःला सतत झाडून काढणारी जागा आहे. नाक-कान-घशाचे डॉक्टर एक साधी चाचणी करतात: सॅकरिनचा एक कण नाकाच्या पुढच्या भागात ठेवतात आणि घड्याळ लावतात. साधारण वीस मिनिटांच्या आत माणसाला घशात गोड लागतं. याचा अर्थ शेंबडाच्या थरावर बसलेला तो कण सूक्ष्म रोमांनी तेवढ्या वेळात घशापर्यंत वाहून नेलेला असतो. लसीच्या फवाऱ्याचीही हीच गत. प्रतिकार करणाऱ्या पेशींना तिची नीट भेट होण्याआधीच ती पोटाच्या वाटेला लागते. आणि भेट झालीच, तरी नाकाचा स्वभाव आड येतो. धूळ, परागकण, स्वतःचे कायमचे मुक्कामी जीवाणू, हे सगळं दिवसरात्र येतंय-जातंय. प्रत्येकावर धावून जायचं ठरवलं तर नाक कायम सुजलेलंच राहील. म्हणून दुर्लक्ष करणं ही नाकाची सवय आहे, आणि विषाणूचं एखादं शुद्ध प्रथिन नुसतंच फवारलं तर नाक त्याच्याकडेही दुर्लक्षच करतं.

यावर एक उपाय म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला विषाणू वापरणं. २००३ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली फ्लूमिस्ट ही लस अशीच आहे. तिच्यातले विषाणू थंडीला सरावलेले असतात, नाकाच्या गारव्यात वाढतात, फुप्फुसांच्या उबेत वाढू शकत नाहीत. तिचं चढउताराचं चरित्र तुम्हाला माहीत आहेच. २०१५-१६ च्या हंगामात अमेरिकेत २ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये तिचा परिणाम ३ टक्के निघाला, टोचायच्या लसीचा ६३ टक्के. पुढचे दोन हंगाम तिथल्या तज्ज्ञ समितीने तिची शिफारसच केली नाही. ब्रिटन आणि फिनलंडमध्ये मात्र त्याच हंगामातले आकडे बरेच बरे होते. मग लसीतला एच१एन१ या फ्लूच्या विषाणूचा घटक बदलला आणि २०१८-१९ पासून शिफारस परत आली. ऑक्सफर्डच्या गटाने कोविडची लस नाकावाटे देऊन पाहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पहिल्या टप्प्याच्या निकालात नाकातला प्रतिसाद थोड्याच स्वयंसेवकांमध्ये दिसला. भारतात आणि चीनमध्ये त्याच वर्षी सप्टेंबरात नाकावाटे घ्यायच्या आणि श्वासावाटे ओढायच्या लसींना मान्यता मिळाल्या. म्हणजे वाट बंद नाही, पण ती सरळही नाही.

दुसरा उपाय: लसीबरोबर नाकाला जागं करणारं काहीतरी द्या. आणि याच वाटेवर या क्षेत्राला सर्वात मोठी ठेच लागली आहे.

२००० सालच्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची एक लस नाकावाटे मिळू लागली. विषाणू मारलेला होता, त्याचा धोका काहीच नव्हता. पण नाकाने दखल घ्यावी म्हणून तिच्यात ई. कोलाय या जीवाणूचं एक विष अगदी थोड्या प्रमाणात घातलेलं होतं. प्रतिसाद उत्तम येत होता. मग डॉक्टरांकडे माणसं येऊ लागली ती चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेली, तोंड वाकडं झालेलं, एक डोळा मिटत नाही अशी. लस घेतल्यावर लगेच नाही, तर महिना-दोन महिन्यांनी. एका हंगामातच ती लस मागे घेतली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा धोका लस न घेतलेल्यांच्या तुलनेत १९ पट निघाला. पुढे त्या विषाचा दात काढून, म्हणजे त्याचं विषारीपण जवळपास संपवून, ते वेगळ्या लसींबरोबर वापरून पाहिलं, तेव्हाही दोन स्वयंसेवकांचा चेहरा तसाच लुळा पडला. उंदरांवरच्या कामात याच जातकुळीचं कॉलऱ्याचं विष नाकातून वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूच्या पुढच्या टोकापर्यंत पोहोचलेलं दिसलं होतं. नाक आणि मेंदू यांच्यात भिंत आहे ती चाळणीसारखी भोकं असलेली, हे शरीररचनेच्या पहिल्या वर्षात शिकवतात. ते लक्षात मात्र नंतर येतं.

तेव्हापासून सगळे ताकही फुंकून पितात, आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा उरला की नाकाला जागं करेल, पण त्याच्या मज्जातंतूंना हात लावणार नाही, असं काय आहे?

इथे निरुपद्रवी जीवाणू येतात. त्यांच्या पेशीभित्तिकेत अशी रसायनं असतात जी आपल्या पेशी हजारो पिढ्यांपासून ओळखतात. पेशींवर त्यांच्यासाठी खास संवेदक बसवलेले आहेत. ‘इथे जीवाणू आहे’ एवढा निरोप मिळाला की शेजारी आलेल्या प्रथिनाकडे प्रतिकारशक्ती वेगळ्या नजरेने पाहू लागते. विष जे काम दांडगाईने करतं, तेच काम ओळखीचा माणूस खांद्यावर हात ठेवून करतो, असं काहीसं.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या एका कंपनीने यात फार देखणी युक्ती काढली होती. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा साधा, निरुपद्रवी जीवाणू घ्यायचा, तो गरम आम्लात उकळायचा. आतलं प्रथिन, डीएनए सगळं निघून जातं आणि उरतं ते फक्त भित्तिकेचं रिकामं टरफल. जिवंत नाही, वाढणार नाही, पण आकार आणि ओळख तीच. त्या टरफलावर विषाणूचं प्रथिन चिकटवायचं आणि नाकात सोडायचं. फ्लूसाठी आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूसाठी अशा लसी माणसांवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत गेल्या. पुढे ती कंपनीच बुडाली. बुडाली म्हणून विज्ञान चुकीचं ठरत नाही. पण असं काम अर्ध्यात सुटलं की नवे लोक पुन्हा श्रीगणेशा करतात, हे तुमच्यासारख्या निधी देणाऱ्यांनी तरी मनावर घ्यायला हवं.

टोकियोतल्या एका गटाचं २०२१ चं काम मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्यांनी उंदरांच्या नाकात प्रतिजैविक सोडून तिथले जीवाणू उद्ध्वस्त केले आणि मग फ्लूचा संसर्ग दिला. प्रतिसाद कमी होईल असं कुणालाही वाटेल. झाला उलटा, म्हणजे वाढला. कारण फुटलेल्या जीवाणूंचे तुकडे बाहेर पडले आणि तेच अलार्मसारखे वाजले. पुढचा विचार सरळ होता. नाकात मुळात जीवाणू कमी, तोंडात खूप जास्त. मग एका निरोगी माणसाच्या तोंडातले जीवाणू वाढवून ते नाकावाटे लसीत मिसळले, तर प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये अँटिबॉडी वाढल्या आणि फ्लू व कोविड दोन्हींपासून संरक्षण मिळालं. यात काम करतंय ते जीवाणूचं ‘चांगलं’पण नाही, त्याचं जीवाणूपण आहे. प्रोबायोटिकच्या डब्यावरची हसरी भाषा इथे काहीच समजावत नाही.

आता याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवते. अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने २०११ मध्ये उंदरांच्या नाकात लॅक्टोबॅसिलस जीवाणू सोडले, काही गटांत जिवंत, काहींत उष्णतेने मारलेले. नंतर त्यांना उंदरांच्या न्यूमोनियाचा जीवघेणा विषाणू दिला. जीवाणू मिळालेले सगळे उंदीर जगले. तेरा आठवड्यांनंतर विषाणू दिला तरी ६० टक्के जगले. चमत्कारच वाटावा असा निकाल. पण बारकाईने वाचा. हे उंदीर जगले ते विषाणूविरुद्ध जास्त अँटिबॉडी बनल्या म्हणून नाही, तर जीवाणूंनी फुप्फुसातला दाह आटोक्यात ठेवला म्हणून. इथे अलार्म वाजवला गेला नाही, त्याचा आवाज कमी केला गेला.

म्हणजे एकाच शब्दाखाली दोन उलट्या दिशेची कामं चालली आहेत. एकात जीवाणू प्रतिकारशक्तीला उठवतो, दुसऱ्यात शांत करतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण एक लसीला मदत करणारं आहे आणि दुसरं कदाचित तिच्या आड येणारं. त्यातही लस जिवंत, दुबळ्या विषाणूची असेल तर पेच आणखी वाढतो. त्या विषाणूला नाकात थोडंफार वाढू द्यावं लागतं, नाहीतर लस लागू पडत नाही. आधीच सोडलेल्या जीवाणूंनी नाक विषाणूंविरुद्ध सज्ज करून ठेवलं, तर पहिला बळी लसच जायची. जीवाणू लसीच्या आधी, बरोबर की नंतर, हा प्रश्न त्यामुळे वेळापत्रकाच्या सोयीचा उरत नाही. प्रयोगाचा गाभाच तो आहे.

म्हणून नाव हवं. लॅक्टोबॅसिलस म्हणणं हे ‘चार पायांचा प्राणी’ म्हणण्यासारखं आहे. २०२० मध्ये वर्गीकरणाच्या मंडळींनी या एका प्रजातीची २५ प्रजातींत वाटणी केली, इतकी ती आतून वेगवेगळी निघाली. एकाच जातीचे दोन स्ट्रेनही, म्हणजे दोन वाणही, नाकात वेगळे वागू शकतात. अँटवर्पच्या गटाने निरोगी लोकांच्या नाकात राहणारा लॅक्टोबॅसिलसचा एक स्ट्रेन शोधून काढला. नाकातल्या ऑक्सिजनच्या माऱ्याला तोंड देण्यासाठी त्याच्याकडे कॅटालेज एन्झाइम आहेत, अस्तराला धरून राहण्यासाठी केसासारखे तंतू आहेत. या कुळातल्या बऱ्याच जीवाणूंकडे कॅटालेज नसतं. आतड्यासाठी निवडलेला एखादा स्ट्रेन बाटलीतून काढून नाकात घातला, तर तो तिथे तास-दोन तास तरी टिकतो का, हे कुणीतरी आधी पाहायला नको का?

आतड्याचा विषय निघालाच आहे, तर माणसांवरच्या पुराव्याकडे येऊ. नाकावाटे लस आणि प्रोबायोटिक यांच्या जोडीचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा मानवी प्रयोग २०११ चा आहे. निरोगी प्रौढांना नाकावाटे फ्लूची जिवंत लस दिली आणि पुढचे २८ दिवस रोज दोनदा लॅक्टोबॅसिलस जीजीच्या कॅप्सूल किंवा तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल. एच३एन२ या घटकाविरुद्ध २८ व्या दिवशी पुरेशी अँटिबॉडी पातळी जीवाणू घेतलेल्या ८४ टक्क्यांमध्ये होती, दुसऱ्या गटात ५५ टक्क्यांमध्ये. आकडे छान आहेत. पण शेवटपर्यंत राहिलेली माणसं होती ३९, लसीच्या बाकी घटकांविरुद्ध असा फरक दिसला नाही, आणि जीवाणू गिळलेला होता, नाकात दिलेला नव्हता. अर्जांमध्ये मात्र हाच प्रयोग ‘नाकातल्या प्रोबायोटिकचा पुरावा’ म्हणून येतो. सुतावरून स्वर्ग गाठण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२०१८ मध्ये एका आढाव्यात प्रोबायोटिक आणि लसी यांवरचे २६ मानवी अभ्यास एकत्र पाहिले गेले. त्यांत ४० निरनिराळे स्ट्रेन होते आणि १७ निरनिराळ्या लसी. फायदा दिसला तो साधारण निम्म्या अभ्यासांत. त्यातून निष्कर्ष काय काढणार? प्रत्येकाने वेगळा जीवाणू, वेगळी लस, वेगळी मात्रा, वेगळे दिवस घेतले. वेल्लोरला रोटाव्हायरसच्या तोंडावाटे लसीबरोबर बाळांना जस्त आणि प्रोबायोटिक देऊन पाहिलं. ६२० बाळं, चार गट, नीट आखलेला प्रयोग. प्रतिसादात भर पडली ती किरकोळ. मला तो प्रयोग अपयशी वाटत नाही. त्याने निदान उत्तर तरी दिलं.

उंदीर आणि माणूस यांच्यातल्या एका फरकाबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण आढाव्याच्या वेळी तो हटकून निसटतो. माणसाला नाकावाटे लस देताना एका नाकपुडीत साधारण ०.१ मिलिलिटर फवारा जातो. उंदराचं वजन असतं जेमतेम २५ ग्रॅम. त्याला भूल देऊन नाकावर थेंब-थेंब सोडत बऱ्याच प्रयोगांत ५० मायक्रोलिटरपर्यंत द्रव दिला जातो, म्हणजे माणसाच्या एका नाकपुडीच्या मात्रेच्या निम्मा! भुलेत असलेला उंदीर तो सगळा श्वासाबरोबर आत ओढतो आणि द्रवाचा मोठा भाग फुप्फुसात जातो. जागेपणी पाच-दहा मायक्रोलिटर दिले तरच ते नाकात राहतात. कागदावर दोन्ही ‘नाकावाटे’च. मी एकदा एका आराखड्याच्या पद्धतीच्या भागात भूल दिली होती की नाही हे शोधत बसले होते. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्या जीवाणूने उंदराचं फुप्फुस जागं केलं, तो माणसाच्या नाकाला जागं करेलच, असं गृहीत धरून त्या चाचणीला पैसा मिळणार होता. त्यामुळे उंदरावरच्या पुराव्यासोबत भूल होती का आणि थेंब केवढा होता, हे विचारायची सवय तुम्ही लावून घ्या. दोन प्रश्नांत अर्धी चाळणी होते.

आता माझ्या पट्टीकडे परत. नाकातला आयजीए मोजणं हे रक्तातल्या मोजमापासारखं सुटसुटीत नाही. ज्याला सर्दी आहे त्याच्या पट्टीत पाणी जास्त. ज्याचं नाक कोरडं आहे त्याच्या पट्टीत तोच आयजीए दाट. सलाइनने नाक धुऊन नमुना घेतला तर प्रत्येकाचं पाणी वेगवेगळ्या प्रमाणात परत येतं. म्हणून विषाणूविरुद्धचा आयजीए नुसता सांगून भागत नाही, त्याच नमुन्यातल्या एकूण आयजीएशी त्याचं प्रमाण सांगावं लागतं. जीवाणूंच्या चाचणीत तर हे जास्तच गरजेचं. समजा जीवाणूने नाकातला सगळाच आयजीए वाढवला, तर विषाणूविरुद्धचा आकडा आपोआप फुगलेला दिसेल आणि जीवाणूच्या कामाचं श्रेय लसीला जाईल. प्रत्येक केंद्राची पद्धत वेगळी, त्यामुळे एका चाचणीचा आकडा दुसरीशी ताडून पाहता येत नाही. निधीच्या अटींमध्ये नमुना कसा घ्यायचा आणि कशाशी ताडायचा हे एकदा ठरवून टाका. नवा रेणू शोधण्याइतकं हे चमकदार काम नाही, पण त्याच्यावाचून चमकदार कामांचं करायचं काय?

गट निदान चार हवेत, आणि चारही हवेत: फक्त लस, फक्त जीवाणू, दोन्ही, आणि दोन्ही नाही. पैसा वाचवायला ‘फक्त जीवाणू’ हा गट सगळ्यात आधी कापला जातो. पण वरच्या उंदरांच्या प्रयोगात पाहिलंत ना, जीवाणू एकटाही संरक्षण देऊ शकतो. तो गट नसेल तर लस सुधारली की जीवाणूनेच परस्पर काम केलं, हे कळायला मार्ग नाही. त्याच बरोबर मेलेला जीवाणूही ताडून पाहावा. टरफलाने भागत असेल तर जिवंत जीव नाकात सोडण्याची जोखीम घ्यायचं कारण काय? तेव्हा त्याला प्रोबायोटिक म्हणताही येणार नाही, कारण २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येत प्रोबायोटिक जिवंतच असावं लागतं. बाजाराला ते आवडणार नाही. पण नाव गेलं म्हणून काम अडत नाही.

आणखी एक: चाचणीत कोण आहे, ते पाहा. प्रौढ माणसाने आयुष्यात फ्लू इतक्यांदा पाहिलेला असतो की त्याच्या नाकात जुन्या आठवणी भरपूर असतात, आणि नव्या जोडीचा परिणाम त्यांत बुडून जातो. २०१९ मध्ये माणसांवर झालेल्या एका अभ्यासात फ्लूच्या टोचायच्या लसीआधी प्रतिजैविकं दिली होती. त्यांचा लसीच्या प्रतिसादावर परिणाम दिसला तो मुख्यतः ज्यांच्यात आधीच्या अँटिबॉडी कमी होत्या त्यांच्यात. म्हणजे सुरुवातीची पातळी मोजल्याशिवाय आणि अलीकडे प्रतिजैविकं घेतली होती का हे लिहून घेतल्याशिवाय निकाल वाचूच नये.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण कडक शब्दांत. ‘जीवाणू निरुपद्रवी आहे, लोक रोज खातात’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकून घेऊ नका. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या एका मोठ्या चाचणीत स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना नळीतून प्रोबायोटिक मिश्रण दिलं गेलं. त्या गटात २४ जण दगावले, दुसऱ्या गटात ९. जीवाणू तेच ‘चांगले’ होते, जागा आणि शरीर चुकलं. नाक ही पोटाहून वेगळी जागा आहे. मुदतीआधी जन्मलेली बाळं, प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण यांच्याजवळ जिवंत जीवाणूचा फवारा नेण्याआधी दहादा विचार व्हावा. जीवाणूच्या जनुकांत प्रतिजैविकांना न जुमानणारे आणि दुसऱ्या जीवाणूला देता येतील असे तुकडे नाहीत, हे आधी सिद्ध व्हावं. आणि स्वित्झर्लंडचा धडा धरून प्रत्येक स्वयंसेवकाच्या चेहऱ्याच्या स्नायूंची तपासणी किमान तीन महिने व्हावी. आठवड्याभरात काही झालं नाही म्हणून वही मिटायची नाही. तिथे तोंड वाकडं व्हायला लागलं ते वही मिटल्यानंतरच.

एवढं सगळं मागितलं की चाचण्या महाग होतात आणि संख्येने कमी होतात, असं तुम्ही म्हणाल. होऊ द्या. साउदॅम्प्टनच्या गटाने नाकात राहणारा नायसेरिया लॅक्टामिका हा निरुपद्रवी जीवाणू स्वयंसेवकांच्या नाकात थेंबांनी सोडला आणि मेंदूज्वराच्या भाऊबंद जीवाणूला तिथे बसू दिलं नाही. मग त्याच जीवाणूत एक प्रथिन घालून नाकातच प्रतिकार जागा केला. एकच जीवाणू, नाव-गाव ठरलेलं, वर्षानुवर्षं त्याचाच पाठपुरावा. सतरा दिशांना सतरा छोट्या चाचण्या करण्यापेक्षा असं एक काम तुमच्या पैशाचं जास्त सोनं करतं.

एक छोटी विनंती उरली. चाचणी संपली की खर्चाचा रकाना बंद होतो आणि उरलेले नमुने फेकले जातात. एका माणसाच्या नाकातून मिळालेले ते काही थेंब पुन्हा मिळत नाहीत. त्या हंगामातलं ते नाक परत येत नाही. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ते दहा वर्षं ठेवायचा खर्च मूळ निधीतच धरा, आणि स्वयंसेवकांची त्यासाठीची संमतीही पहिल्याच दिवशी घ्या. आमच्या फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात अशा एका संपलेल्या चाचणीच्या पट्ट्या अजून आहेत. त्यांच्यावर कोणता जीवाणू दिला होता ते लिहिलेलं नाही. लेबलवर फक्त ‘प्रो’ आणि एक आकडा आहे.

आपली विश्वासू,
नाकातले नमुने मोजणारी एक प्रयोगशाळा कर्मचारी